हळदीच्या आदल्या दिवसाचं मेण

माझ्या धंद्याचं नाव चारचौघांत घ्यायची सोय नाही. बँकेच्या फॉर्मवर मी 'सौंदर्यसेवा' लिहिते, भावकीत 'पार्लर' म्हणतात, आणि ज्या बायका खास त्याच कामासाठी येतात त्या तर काहीच म्हणत नाहीत. दारात चप्पल काढतात, आत दुसरं कुणी बसलंय का बघतात आणि कानाशी येऊन विचारतात, "ताई, ते करता का?" ते म्हणजे काय, असं मी आजवर कुणालाच उलटून विचारलं नाही. ते म्हणजे तेच, नाजूक जागेचं वॅक्सिंग. भुवया कोरण्यापासून सुरुवात केली होती मी नांदेडात, आणि गेली बारा-तेरा वर्षं हेही करते.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मंगलताई, तुमच्या कामातलं लिहा, पोरींना उपयोगी पडेल असं." मी म्हटलं, उपयोगाचं लिहीन, पण भीतीचं आधी येईल. त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी दुखण्याबद्दल बोलतेय.

दुखण्याची भीती पहिल्या ओढीपर्यंतच असते. मेणावर दाबलेली कापडाची पट्टी निघाली, बाई "आई गं" म्हणाली, की ती संपली. खरी भीती काम झाल्यावर येते. कपडे घालून, केस सारखे करून बाई दारापर्यंत जाते आणि परत फिरते. "ताई, माझे केस कुठं टाकता तुम्ही?"

पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. कचऱ्यात, म्हटलं. तिचा चेहरा असा उतरला की मीच घाबरले. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तरी म्हणाली, "तेवढं मला बांधून द्या." मग कळायला लागलं. आमच्याकडं केस आणि नखं दुसऱ्याच्या हातात पडू देत नाहीत. करणी करायला तेवढंच लागतं म्हणतात. त्यात हे तर असल्या जागेचे. कुणी वापरलेल्या पट्ट्या कागदात गुंडाळून पर्समध्ये न्यायची. धर्माबादची एक बाई स्टीलचा डबा घेऊन यायची आणि जाताना पूल गाठून गोदावरीत सोडायची. बाकीच्यांसाठी मी मागच्या अंगणात पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात रोज सगळं जाळायचं, तेही शेवटच्या बाईला दाखवून. जळक्या केसांचा वास कपड्यांतून दोन-दोन दिवस जात नाही. गल्लीतली कुत्री सगळीकडं लोळायची, पण त्या डब्याजवळ कधी बसली नाहीत. मी हे नुसतं सांगतेय, त्याचा अर्थ लावत नाही.

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. माझं माहेर रेणापूरजवळचं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव आणि भुतं एकाच दिवशी बाहेर पडली, असं वडील सांगायचे. तेव्हा भानामतीचं नाव काढलं तरी मला हसू यायचं. आता येत नाही.

कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेण मधासारखं सैल होईपर्यंतच तापवायचं. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मग गिऱ्हाईकाच्या मांडीवर एक ठिपका. केस ज्या अंगाला वाढतात तिकडं मेण लावायचं आणि उलट्या अंगाला ओढायचं, एका हातानं कातडी ताणून. लावायची लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की ती परत मेणात बुडवायची नाही, फेकून द्यायची. दर बुडवणीला नवी पट्टी. यात जी कंजुषी करते तिच्या पार्लरची पायरी चढू नये. सोन्याच्या भावात क्रीम विकत असली तरी चढू नये.

मी डावरी. त्यामुळं माझी ओढ जगाच्या उलटी. उजव्या हाताची बाई जिथून सुरू करते तिथं माझं संपतं, आणि माझ्या पट्ट्यांच्या ओळी जरा तिरप्या पडतात. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "मंगल, शंभर जणींत तुझं काम मी ओळखीन." मला त्याचा लई अभिमान होता.

पोरी विचारतात, पार्लर कसं निवडायचं? बाई, काचा बघू नका, चादर बघा. तुमच्यासमोर नवी अंथरली का? हातमोजे नवे घातले का? उजेड पुरेसा आहे का, की लाजेपायी दिवा बारीक केलाय? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती तुम्हाला काही विचारते का बघा. साखरेचा आजार आहे का, मुरमांवर गोळ्या किंवा मलम चालू आहे का, पोट राहिलंय का, कुठं कापलंय, खाजतंय का. आणि उत्तर ऐकून ती कधी "आज नाही करणार" म्हणते का? नाही म्हणता येणारी बाई ती खरी कारागीर. विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या. बसायच्या आधी त्यांनी माझी इतकी उलटतपासणी घेतली की मी म्हटलं, "मॅडम, माझी नेमणूक करायलात का?" पण मनातून मला ती बाई आवडली.

दुसऱ्या तऱ्हेच्याही असतात. मी केलेला चहा नको म्हणणाऱ्या, पाण्याची बाटली घरून आणणाऱ्या. त्या माझ्यासमोर आडव्या व्हायच्या तेव्हा मात्र त्यांना माझी जात आठवायची नाही. आडवी झालेली बाई छताकडं बघत बोलते. कुणाला सांगितलं नसेल ते सांगते. मी फक्त "हं" म्हणते आणि ओढते. त्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळं तिथं बोललेलं तिथंच राहतं असं मला वाटायचं.

आता रेखाचं सांगते. नाव बदललंय. ती ऐन लग्नसराईत दुपारी आली, सोबत एक मैत्रीण. धर्माबादकडचं खेडं, एसटीनं आलेल्या. रेखा बावीस-तेवीसची, गोरी, कातडी कागदासारखी पातळ. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "लग्न कधी?"

"परवा."

"मग हळद?"

"उद्या."

माझा हात थांबला. हा माझा पहिला नियम. हळदीच्या आधी किमान चार दिवस पाहिजेत. ओढल्यावर एकेका केसाचं मूळ उघडं पडतं, डोळ्यांना दिसत नाही पण दार उघडं असतं. ते मिटायला वेळ लागतो. दोन दिवस कढत पाणी नको, घट्ट किंवा नायलॉनचे कपडे नकोत, वासाचा साबण नको, घाम नको, नवऱ्याची जवळीक नको. सैल सुती कपडे, गार पाण्याचा कपडा, वाटलं तर कोरफडीचा साधा गर, खाजवायचं नाही. चार दिवसांनी हलक्या हातानं चोळायचं, म्हणजे नवा केस आत वळत नाही. पू झाला, ताप आला तर घरचे उपाय सोडून सरळ डॉक्टरीणबाईकडं जायचं. आता तुम्हीच सांगा, यातलं काय जमतं हळदीच्या पोरीला? बेसन, तेल, हळद चोळतात, वरून कढत पाण्यानं न्हाऊ घालतात, मग जरीचं लुगडं, खाली नायलॉनचा परकर, आणि मांडवात दिवसभर बसवतात.

मी म्हटलं, "नाही पोरी. आता नाही करता येत."

तिचे डोळे भरले. "त्यांनी फोनवर म्हणलंय," एवढंच बोलली. त्यांनी म्हणजे होणाऱ्या नवऱ्यानं. मैत्रीण मात्र फटकन म्हणाली, "चल गं, दुसरीकडं करू. इथं लई नखरे हायत."

दुसरीकडं म्हणजे कुठं ते मला माहीत होतं. तिथं एकच पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरते. मी स्वतःला समजावलं की त्यापेक्षा माझ्या हातून झालेलं बरं. खरं सांगू? 'दुसरीकडं' हा शब्द मला झोंबला होता. मी तिला आडवं केलं. काम स्वच्छ झालं, त्यात खोट नव्हती. जाताना म्हटलं, "हळद खालपर्यंत येऊ द्यायची नाही हां."

"हाव," ती म्हणाली. पाच सवाष्णी भोवती असताना हळदीचं पाणी कुठपर्यंत ओघळावं, हे काय नवरी ठरवते? हे मला तेव्हाही कळत होतं. तिनं केस बांधून मागितले नाहीत. मी ते डब्यात जाळले.

तीन आठवडे गेले. एक दिवस शांताक्कांचा फोन. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक, केसांना रंग लावायला यायच्या, घर विष्णुपुरीच्या बाजूला. मोठी माणसं, शेती, ट्रॅक्टर, सगळं. "मंगल, जरा घरी येऊन जा. तुला कातडीतलं कळतं. माझ्या सुनेच्या अंगावर उठायलंय."

गेले. दारावर लिंबू, उंबऱ्यात लिंबू, आतल्या खाटेच्या चारी पायांशी लिंबं, प्रत्येकात सुई टोचलेली. भर दुपारी सगळ्या खिडक्या लावलेल्या. धुपाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. घरात माणसं असून कुणी बोलत नव्हतं. खाटेवर नवी सून कुशीवर पडली होती. तिनं मान वळवली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. ती रेखा होती.

"दाखव गं तिला," शांताक्का म्हणाल्या आणि दाराला कडी घातली.

चादर बाजूला झाली. मांडीच्या वरच्या अंगाला, ओटीपोटाखाली, पिकलेल्या पुळ्यांच्या ओळी होत्या. इकडंतिकडं विखुरलेल्या नव्हत्या, कुणी मोजून काढाव्यात अशा. प्रत्येक ओळ दोन बोटं रुंद, वरून राख फासलेली.

"आधी एक ओळ होती," शांताक्का दबक्या आवाजात सांगत होत्या. "अंगारा लावला की ती दबती अन् आठ दिवसांनी दुसरीकडं उठती. फिरायलंय बघ अंगावर. भानामती हाय ही. जाणत्याला आणलं होतं. त्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, डाव्या हाताचं काम हाय. हिचे केस कुण्या डाव्या हाताच्या बाईनं जाळलेत म्हणला."

मी पुन्हा त्या ओळींकडं वाकून पाहिलं.

तो खरं बोलला होता. ओळी सगळ्या तिरप्या होत्या, जगाच्या उलट्या. स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं तसं ते काम मी ओळखलं. केस जाळलेही मीच होते. माझा डावा हात मी नकळत पाठीमागं नेला.

त्याला हे कसं कळलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. घरात डावरं कोण आहे ते गावातल्या कुणालाही माहीत असतं, आणि केसांचं तर सगळेच जाणते सांगतात. हे मला पटतं. पण दुपारी डोळा लागायला आला की पटत नाही.

"घरात डावरी एकच," शांताक्का मागच्या दाराकडं बोट करून म्हणाल्या. "माझी धाकटी जाऊ. नवरा गेला, पोटी काही न्हाई. हळदीत तिनं लांबून बघितलं पोरीकडं, समद्यांनी पाहिलंय. येत्या अवसंला तिचं डोकं भादरून देगलूरकडं तिच्या माहेरी सोडणार हावत."

"तिथं कोण आहे तिचं?"

"कुणी न्हाई. पर घरात ठेवून काय सुनंचा जीव घेऊ?"

मी म्हटलं, "अक्का, आधी डॉक्टरला दाखवा. पू झालाय."

"असल्या जागंचं डॉक्टरला दाखवायचं? अन् डॉक्टरला भानामती कळती का, येडे?" त्या चहा टाकायला गेल्या.

त्यांची पाठ फिरताच रेखानं माझं मनगट धरलं. "ताई, सांगू नका. पाया पडते. असलं करून आली म्हणल्यावर मला ठेवून घेतील का? आईला तोंड दाखवता येणार न्हाई."

"अगं, तुला ठाऊक आहे ना हे कशानं झालंय?"

तिनं चादर वर ओढून घेतली. तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भानामतीची तिला लाज नव्हती, मेणाची होती. भानामतीत बाई बिचारी ठरते, मेणात निर्लज्ज. तिचा मला राग आला आणि त्याच क्षणी कळवळाही आला. मीही काय निराळी होते? पुळ्या अंगावर का फिरतात तेही मला माहीत होतं. केस एकदम उगवत नाहीत, टप्प्याटप्प्यानं उगवतात. जो टप्पा वर येतो तो राखेनं बुजलेल्या कातडीत अडकतो आणि पिकतो. तिथल्या तिथं दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

हात धुवायला म्हणून मागं गेले. अंगणाच्या टोकाला एक खोली होती, कडी बाहेरून. आतून आवाज आला, "कोण हाय?"

मी कडी काढली. आत एक बारीक, स्वच्छ बाई खाटेवर बसली होती, पन्नाशीची असेल. शांताक्कांची धाकटी जाऊ ती हीच, घरातले सगळे तिला काकू म्हणायचे. तिचा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं खाटेच्या पायाला बांधलेला होता.

"अगं माय! कुणी बांधलं हे?"

"मीच बांधते," ती शांतपणे म्हणाली. "मोकळा ठेवला की डोळा लागला का उठून जातो."

"कोण उठून जातो?"

"हात."

मी तिच्यासमोर खाली बसले. ती मला वेडी वाटली नाही. भाजीचा भाव सांगावा अशा आवाजात बोलत होती. "आधी मी बी न्हाई म्हणत होते, बाई. मी काय बी केलं न्हाई, देवाशपथ. पर समदे म्हणायलेत. अन् पोरीच्या अंगावर उठायलंय हे तर खरं हाय न्हवं? हळदीच्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, मला असं काई भेटलं न्हाई. तेवढंच आलं होतं. तेवढ्यानं लागत असंल का गं?"

"नाही हो काकू, तसं काही नसतं."

"मग कशानं झालं?"

मी उठून बाहेर आले. यासारखी लाज मी दुसरी ओळखत नाही. मी कडी परत लावली. चहा प्यायले सुद्धा.

घरी आले तर अन्न गोड लागेना. अमावस्या सहा दिवसांवर. असल्या प्रकाराला कायदा आहे, पोलिसात जाता येतं, हे मला माहीत होतं. पण तिथं पहिला प्रश्न आला असता, पोरीच्या अंगावर कशानं उठलं? मग तिचं नाव, आणि मग माझं पार्लर. जीभ उचलेना. नुसतं तोंडी सांगितलं तर शांताक्का मला हाकलतील हेही दिसत होतं. जाणत्यासमोर पार्लरवालीची काय किंमत?

मग मला जे सुचलं ते मी केलं. खोलीचं दार लावलं, मेण तापवलं आणि डाव्या हातानं स्वतःची उजवी काख आणि उजवी मांडी केली. दुसऱ्या दिवशी बेसन, तेल, हळद घेऊन खरखरून चोळली. अंगाला सोसेल तेवढं कढत पाणी घेतलं. नायलॉनचा जुना परकर आणि घट्ट झंपर घालून दिवसभर उन्हात पापड वाळत घातले. वरून चुलीतली राखही फासली. आयुष्यभर बायकांना जे करू नका म्हणून घसा कोरडा केला, ते सगळं एका दिवसात केलं. दुसऱ्या संध्याकाळी आग आग व्हायला लागली. चौथ्या दिवशी आरशात बघितलं. दोन बोटं रुंद, तिरप्या ओळी. हुबेहूब. मला हायसं वाटायला हवं होतं. पण आरशातल्या त्या ओळींकडं बघताना मला माझाच हात परका वाटला.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी मी शांताक्कांकडं गेले. अंगणात न्हाव्यासाठी पाट मांडून ठेवलेला होता, उद्याचा. शांताक्कांना आत रेखाच्या खोलीत नेलं, दाराला कडी घातली, झंपर काढला आणि परकर मांडीपर्यंत वर घेतला.

त्या दोन पावलं मागं सरकल्या. "अगं बया! तुला बी?"

"भानामती नाही अक्का, मेण आहे. ही माझी ओढ. जाणता डाव्या हाताचं काम म्हणाला ना? बरोबर म्हणाला. हा घ्या डावा हात. तुमच्या सुनेचं काम हळदीच्या आदल्या दिवशी मीच केलंय."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या ओळी पाहिल्या. मग रेखाच्या. परत माझ्या. एकेक पुळी जणू मोजत होत्या. मग त्यांचा आवाज चढला. "असल्या जागी? पोरीनं असलं करून घेतलं?"

रेखा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"तिनं नाही, मी," मी म्हटलं. "नवरीच्या पॅकेजात असतंच म्हणून मी केलं. ती नको नको म्हणत होती."

आयुष्यात मी धंद्यात खोटं बोलले ते हे एकदाच. शांताक्कांनी माझ्या थोबाडीत मारली. फाडकन. मी गाल धरून उभी राहिले, आणि खरं सांगते, ती चापट मला पोचायलाच हवी होती. मग त्या मटकन खाटेवर बसल्या आणि डोक्याला हात लावून रडायला लागल्या. "अन् मी त्या माउलीला कोंडून घातलं गं. पंचवीस वर्षं माझ्या हाताखाली राबली ती."

पुढचं भराभर झालं. न्हाव्याला निरोप गेला, येऊ नको. लिंबं उचलली, खिडक्या उघडल्या. रेखाला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. गोळ्या आणि मलमानं महिन्याभरात सगळं बसलं, डागही पुसट झाले. मलाही तेच मलम लागलं. रेखानं मला पुन्हा फोन केला नाही. तिच्या जागी मीही केला नसता.

भानामतीची खबर त्या घराबाहेर गेली नाही, पण माझी गेली. 'ती बाई बळजबरी करती, पोरींना नासवती.' आधी चहा नको म्हणणाऱ्या गेल्या, मग चहा पिणाऱ्याही. वर्षभरात नांदेडचं दुकान बंद करून मी लातुरात बहिणीच्या शेजारी आले आणि पहिल्यापासून सुरू केलं. इथं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय : हळदीच्या आधीच्या चार दिवसांत काम होणार नाही. पोरी वाचून हसतात. एखादी रागानं 'दुसरीकडं' जाते. जाऊ दे म्हणते. गेल्यावर मात्र दार उघडं ठेवून पाच मिनिटं रस्त्याकडं बघत बसते.

पण त्या सकाळचं एक राहिलं. शांताक्का रडत होत्या तेव्हा मीच मागं गेले. मला वाटलं, ही बातमी आपल्या तोंडानं सांगावी, तेवढं तरी पुण्य मिळेल. कडी काढली, दार सताड उघडलं. काकू तशीच बसलेली, हात तसाच बांधलेला.

"काकू, सुटलात तुम्ही," मी म्हटलं. "तुमचा काही संबंध नव्हता. हे बघा, हे तसंच माझ्या अंगावर उठलंय, बघा." आणि मी झंपर सारून, हात वर करून तिला काख दाखवली.

उजव्या हाताचं बोट तिनं हळूच त्या ओळीवरून फिरवलं. मग तिचे डोळे भरून आले.

"माझे माय, तुला पन?" ती म्हणाली. "तू तर मला फकस्त पानी पाजल्यागत गोड बोलून गेलतीस गं. तुझ्याबद्दल तर माझ्या मनात काईच आलं नव्हतं."

आणि माझ्यासमोर तिनं ती चिंधी दातात धरली, आणि डाव्या हातावरची गाठ आणखी आवळली.